सेल्फी पॉईंट नको, घडीभर बसता येईल असं काही करा: आमच्या ग्रामपंचायतीला खुलं पत्र

सरपंचताई, उपसरपंच भाऊ, सगळे मेंबर मंडळी आणि सचिव साहेब, रामराम.

मी चौकातला झेरॉक्सवाला. सातबारा, पीकविमा, केवायसी, बायांचे बँकेचे फॉर्म, सगळं माझ्याच ओट्यावर होते, म्हणून जास्त ओळख देत नाही. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज लिहितो, स्वतःसाठी हा दुसराच. पहिला निंबाच्या बुंध्याभोवतीचं सिमेंट थोडं फोडा, झाडाला पाणी जाऊ द्या म्हणून दिला होता, तो अजून आवक नंबरावरच आहे. म्हणून यावेळी अर्ज नाही, सगळ्या गावाला वाचता येईल असं उघडं पत्र. आणि ताई, पत्र तुम्हाला आहे. भाऊंनी वाचलं तरी हरकत नाही, पण आधी तुम्ही वाचा.

विषय चौक सुशोभीकरणाचा.

नोटीस बोर्डावर जो कागद लागला त्याची झेरॉक्स मीच काढून दिली होती, त्यामुळं गावात सगळ्यात आधी मीच वाचला. निंबाच्या पारापुढं सेल्फी पॉईंट, आय लव्ह आणि पुढं गावाचं नाव, एलईडीची अक्षरं, मागं प्लास्टिकचं हिरवं गवत, एक कारंजं आणि वर डिजिटल घड्याळ. आकडा बोर्डावर आहे, इथं टाकत नाही. अक्षरं रस्त्यावरून दिसावी म्हणून निंबाच्या दोन फांद्या "छाटणे" असंही त्यात बारीक अक्षरात आहे, त्यातली एक फांदी म्हणजे अर्धी सावली आहे हे ज्यानं लिहिलं तो दुपारी दोन वाजता कधी पारावर बसला नसेल.

मी काही आडवा पडायला बसलो नाही. पोट्ट्यांना हौस असते, माझ्याच पोरीनं विचारलं बाबा लाईट निळी लावणार का गुलाबी. पण तालुक्याच्या गावी असंच एक केलेलं आहे, मी एक दिवस काम होईस्तोवर तिथं उभा राहून पाहिलं. माणूस येते, गाडी बंद पण करत नाही, एक पाय खाली टेकते, दोन फोटो, गेला. पूर्ण दुपारभर कोणी तिथं मिनिटभर टिकलं नाही, आणि टिकल तरी काहून, बसायला काही नाही आणि पाहायला स्वतःचंच तोंड. पहिल्या पावसाळ्यात अर्धी अक्षरं गेली ती गेलीच. कारंज्यात आता पाणी नाही, वेफरचे पाकिटं आहेत. घड्याळाचं तर विचारूच नका, चार बाजूला चार टाईम दाखवते, लोक म्हणतात ज्याला उशीर झाला त्यानं मागच्या बाजूनं पाहावं.

आता माझं म्हणणं. आपल्या गावात माणूस थांबत नाही अशातली गोष्ट नाही, उलट दिवसभर थांबूनच राहते. एसटीसाठी थांबते. माझ्या ओट्यावर सर्व्हर येईस्तोवर थांबते, कधी दोन तास. कापसाच्या गाड्या घेऊन जिनिंगपुढं रात्रभर रांगेत थांबते. थ्री फेज लाईन रात्री येणार म्हणून उशाला बॅटरी घेऊन जागते. जूनमध्ये पावसासाठी थांबते. पण हे सगळं थांबणं दुसऱ्याच्या हातातलं आहे आणि त्यात जीव टांगलेला असते. आपल्या मर्जीनं, काहीच काम नसताना, एखाद्या गोष्टीकडं पाहत बसलो आणि वेळ कसा सरकते ते डोळ्यांनी पाहिलं, असं गावात शेवटचं कधी झालं? मला एक दिवस आठवते, तो सांगतो, कारण हे पत्र त्याच्यामुळंच आहे.

मागच्या वर्षी २४ मे. सर्व्हर डाऊन, ओट्यावर सहा-सात माणसं, ऊन असं की चौकातली कुत्री सुद्धा नालीत. मी मोबाईलवर वाचलं होतं की आपल्या वर्धा जिल्ह्यात या तारखेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येते आणि उभ्या वस्तूची सावलीच पडत नाही, शून्य सावलीचा दिवस म्हणतात. कर्कवृत्ताच्या खालच्या गावांना वर्षातून दोन वेळा हा दिवस मिळते, लोणारकडं आपल्या चार-पाच दिवस आधी, नागपूरला आपल्या दोन दिवस नंतर. दिल्लीला कधीच नाही. दिल्लीला नाही आणि आपल्याला आहे अशी गोष्ट मी तरी पहिल्यांदाच ऐकली, म्हटलं पाहूच.

सेंट्रिंगची अडीच फुटाची सळाख होती, ती रेतीच्या बकेटीत उभी केली, गवंडी भाऊचा ओळंबा मागून सरळ करून घेतली आणि बकेट उन्हात ठेवली. पारावरून आवाज आला, "काय करून राहिला बे?"

"सावली पाहून राहिलो."

"काहून, हरवली का?"

"हरवणार आहे. बारा वाजून बारा मिनिटांनी."

यावर सगळे हसले. पण मग बुढे एकेक करून उठून आलेच, डोक्यावर दुपट्टे टाकून. पावणेबाराला सावली चार बोटं होती. कुल्फीवाला थांबला. डोक्यावर पऱ्हाटीचा भारा घेऊन एक मावशी चालली होती, तिनं भारा माझ्या ओट्याला टेकवला आणि काय आहे म्हणून उभी राहिली. बारा वाजून पाच मिनिटं झाली तेव्हा सावली इंचभर सुद्धा उरली नव्हती, बकेटीच्या आतच, रेतीवर, आणि त्या एका इंचाकडं वीस-पंचवीस माणसं पाहून राहिली होती. कोणी बोलत नव्हतं. ज्या चौकात साधं ग्रामसभेला कोणी चूप बसत नाही त्या चौकात मला कुल्फीच्या गाडीतलं बर्फ खळखळताना ऐकू आलं. मग ती सावली सळाखीच्या पोटात शिरली आणि नाही राहिली. एक बुढा म्हणाला, "गेली बाप्पा." एका पोट्ट्यानं उडी मारली तर त्याची सावली बरोबर त्याच्या पायाखाली, चपलेएवढी. मावशीनं स्वतःभोवती फिरून पाहिलं. दोनेक मिनिटांनी सळाखीच्या दुसऱ्या बाजूनं काळी रेघ निघाली, तेव्हा सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, जसं काही अडलेली गाय सुटली.

फोटो दोघातिघांनी काढले. फोटोत काहीच आलं नाही, नुसती बकेट आणि सळाख.

आता तुम्ही म्हणाल हा बारा मिनिटांचा काय हिशोब, दुपार तर बाराला होते. नाही होत. आपलं घड्याळ आपलं नाहीच, ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेषेचं आहे, १९०६ पासून देशाची वेळ त्यावर धरतात. आपण त्या रेषेच्या जवळपास चार अंश पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडं पंधरा-सोळा मिनिटं उशिरा पोचते. त्यात पुन्हा पृथ्वीची चाल वर्षभर सारखी नसते, म्हणून हा फरक कमी-जास्त होत राहते. फेब्रुवारीच्या मध्यात आपल्या इथं खरी दुपार साडेबाराला होते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराला एक मिनिट कमी असतानाच होऊन जाते. मोबाईल हे दाखवत नाही. सळाख दाखवते.

माझ्या बाबाला हे आकडे माहीत नव्हते पण गोष्ट माहीत होती. जुन्या घराच्या आंगणात दक्षिणेकडं तोंड असलेली मातीची भिंत होती, त्यात बैलाचे दोर अडकवायची बाभळीची खुंटी होती. त्या खुंटीची सावली भिंतीवर फिरायची आणि बाबानं तंबाखूच्या डबीतला चुना अंगठ्याला लावून भिंतीवर ठसे मारले होते. एक ठसा सकाळच्या एसटीचा, एक माझ्या शाळेचा, एक दुपारची शिदोरी घेऊन माय वावरात निघायची त्याचा. घरात घड्याळ होतं, चाबीचं, पण बाबा म्हणायचे ते मागंपुढं होते. गंमत अशी की दिवाळीत मारलेला ठसा संक्रांतीला चुकायचा, सावली दुसरीकडूनच जायची, म्हणून प्रत्येक ठशाच्या वरखाली अजून ठसे, सगळी भिंत अंगठ्यांनी भरलेली, पाहुणे विचारायचे ही काय देवी निघाली का भिंतीला. मे महिना लागला की खुंटीची सावली लांब होत होत भिंतीवरून खाली उतरायची आणि एक दिवस दुपारी भिंतीवर राहायचीच नाही. बाबा म्हणायचे, "घड्याळ सुटीवर गेलं, आता रोहिणी आल्या." रोहिणी नक्षत्र २५ मेला लागते हे कॅलेंडरवाले लिहितात, आणि आपल्या इथं सूर्य डोक्यावरून उत्तरेकडं सरकते २४ मेला. बाबा कॅलेंडर वाचत नव्हते.

घरकुल आलं तेव्हा ती भिंत पाडली. मीच पाडली, सब्बल माझ्या हातात होती, आणि घाई अशी की पहिला हप्ता आला होता आणि बांधकामाचा फोटो अपलोड करायचा होता. भिंतीचा एक फोटो काढावा हे सुचलं नाही. आता बाबा नाहीत. माझ्या दुकानात दोन घड्याळं, एक कॉम्प्युटरवर एक भिंतीवर, आणि माय अजूनही विचारते किती वाजले, आणि मी सांगितलं की ती दारातून आंगणात पाहते, पटलं का नाही ते.

तर मागणी अशी आहे, सेल्फी पॉईंट करायचाच असेल तर तो शाळेच्या कंपाउंडजवळ करा, पण चौकात, निंबाच्या उत्तरेला जी मोकळी जागा आहे, जिथं आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या राहतात, तिथं एक दहा फुटाचा खांब करा. आधी निंबाची सावली तिथपर्यंत येत नाही ना हे हिवाळ्याच्या हिशोबानं पाहून घ्या, कारण डिसेंबरात झाडाची सावली उत्तरेला लांब पडते. खांबाला नवीन काही आणायचं नाही, फेल गेलेल्या बोअरचा केसिंग पाईप पाण्याच्या टाकीमागं पडून आहे. त्याच्या डोक्यावर एक लोखंडी पट्टी आडवी लावायची, पट्टीला एक गोल छेद. नुसत्या खांबाच्या सावलीचं टोक धुरकट येते, नेमकं कुठं संपलं ते कळत नाही, पण छेदातून उजेडाचा गोल ठिपका जमिनीवर पडते आणि तो चालताना दिसते. मी हिशोब केला आहे, दहा फुटाच्या खांबाला मार्च-सप्टेंबरमध्ये दुपारच्या वेळी ठिपका मिनिटाला साधारण अर्धा इंच सरकते. चहा पिऊन होईस्तोवर वीतभर. घड्याळाचा तासकाटा सरकताना कधी कोणी पाहिला नाही, हा पाहता येईल.

खांबापासून बरोबर उत्तर-दक्षिण एक रेघ, काळ्या दगडाची, आपल्या टेकडीवरचाच दगड, बाहेरून ग्रॅनाइट आणायचं नाही. रोज खरी दुपार झाली की ठिपका ही रेघ ओलांडते, पण रोज वेगळ्या ठिकाणी. २२ डिसेंबरला खांबापासून पावणेदहा फुटावर, म्हणजे खांबाएवढी सावली. संक्रांतीला नऊ फूट. २१ मार्चला पावणेचार. २४ मेला शून्य. मग मृग लागला की ठिपका खांबाच्या दक्षिणेकडं जाते, भर दुपारी सावली दक्षिणेला, हे मी सांगितलं तर आमच्या ओट्यावर कोणी मानत नव्हतं, पण २१ जूनला ती साडेपाच इंच दक्षिणेला असते आणि १९ जुलैच्या आसपास पुन्हा शून्य होऊन वापस येते. तेव्हा ढग असतात म्हणून कोणाला दिसत नाही. ढग असले म्हणजे चांगलंच आहे, त्या दिवशी सावलीचं कोणाला पडलं.

आणि ताई, या रेघेवर चार खुणा खास तुमच्यासाठी. ग्रामसभेचे चार दिवस आपण धरतो, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. २६ जानेवारीला ठिपका सव्वाआठ फुटावर, १ मेला एक फुटावर, १५ ऑगस्टला एक फूट दोन इंचावर, २ ऑक्टोबरला साडेचार फुटावर. तिथं पितळेचा खिळा ठोका. ठिपका खिळ्यावर आला आणि कोरम झाला नाही तर सगळ्या गावाला दिसेल, रजिस्टर मागायची गरज नाही.

उत्तर दिशा मोबाईलच्या कंपासवर पाहू नका, लोखंडाजवळ तो काहीही दाखवते. शाळेच्या पोट्ट्यांना सांगा. खांबाभोवती दोरीनं एक गोल काढायचा, सकाळी सावलीचं टोक गोलाला जिथं शिवलं तिथं खूण, दुपारनंतर पुन्हा जिथं शिवलं तिथं खूण, दोन्ही खुणांच्या बरोबर मधातून खांबापर्यंत रेघ. झालं उत्तर-दक्षिण. आपल्या जुन्या ज्योतिषगणितात अशा सावली मोजायच्या उभ्या खांबाला शंकू म्हणतात, सर्वेअर बोलवायची गरज पडत नाही. तसं जयपूरला जंतर मंतरमध्ये याचंच राजेशाही रूप आहे, सवाई जयसिंगानं बांधलेलं, १७३४ च्या सुमारास पूर्ण झालं, त्यातलं सम्राट यंत्र २७ मीटर उंच आणि त्याची सावली सेकंदाला एक मिलिमीटर चालते. आपल्याला २७ मीटर नको. दहा फूट बस झाले.

उपसरपंच भाऊ, तुम्ही परवा टपरीवर म्हणाले ना, की हे असं कुठं असते का, याला कोण कला म्हणते. म्हणून थोडं सांगतो. पांदण रस्त्याच्या रपट्यासाठी आणलेले सिमेंटचे पाईप तीन वर्षांपासून नाल्याकाठी पडून आहेत ते आठवा, बकऱ्या बसतात त्यात. तसेच चार पाईप, १८ फूट लांब आणि ९ फूट उंचीचे, अमेरिकेत युटाच्या वाळवंटात नॅन्सी होल्ट नावाच्या बाईनं १९७६ मध्ये मांडून ठेवले. मांडले असे की वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आणि सगळ्यात लहान दिवस, या दोन्हीच्या आसपास उगवता आणि मावळता सूर्य बरोबर पाईपात दिसते. पाईपाला वरून छेद पाडले आहेत, आकाशातल्या तारकासमूहांच्या आकाराचे, दिवसा आत उजेडाचे तारे पडतात. लोक मैलोनमैल धुळीचा रस्ता तुडवून तिथं जातात आणि नुसते बसतात. पाईप तेच, भाऊ. फक्त कोणीतरी ठेवताना सूर्याला विचारलं.

दुसरं एक वेमडिंग म्हणून जर्मनीतलं लहान गाव. गावाला बाराशे वर्षं झाली म्हणून १९९३ पासून ते सिमेंटचे ठोकळे ठेवून राहिले, दर दहा वर्षांनी एक. एकूण १२० ठेवायचे आहेत. चौथा २०२३ मध्ये ठेवला. शेवटचा ३१८३ साली. मी हे वाचलं तेव्हा आधी हसलो, मग वाटलं की यांना खात्री आहे का की ३१८३ साली गावात कोणीतरी असेल आणि त्याला ठोकळा ठेवायचं लक्षात राहील. आपल्याला पुढच्या खरिपाची खात्री नाही. पण म्हणूनच मला ते आवडलं, आणि आपली एक बॉडी पाच वर्षांची असते, तर प्रत्येक बॉडीनं जाता जाता रेघेजवळ एक बसायचा दगड ठेवून जावा, इतकंच मागतो. फक्त दगडावर नाव नको. आपल्याकडं कामापेक्षा पाटी मोठी होते, मागच्या बसस्थानकाच्या शेडवर इतकी नावं आहेत की शेडची सावली कमी आणि नावांचीच जास्त.

हे सगळं बाहेरचं आहे असं समजू नका. नागपूर-काटोल रोडवर जुनापाणीला दगडांची शेकडो वर्तुळं आहेत, लोखंड नवीन नवीन वापरायला लागलेल्या लोकांनी आपल्या मेलेल्यांसाठी मांडलेली, इसवी सनाच्या कितीतरी आधीची. काही दगडांवर वाटीएवढे खळगे कोरलेले आहेत आणि ते खळग्यांचे दगड ठराविक दिशांनाच ठेवले असं काही अभ्यासकांनी मोजून मांडलं आहे. मी एकदा बाजूच्या रस्त्यानं लग्नाला जाताना थांबलो होतो. सोबतचे म्हणाले इथं काय आहे, दगडच तर आहेत. खरं आहे, दगडच आहेत, पण तिथं गेल्यावर आपोआप आवाज खाली येते.

आणि बुलडाण्यात भेंडवळची घटमांडणी तर तुम्हा सगळ्यांना माहीत, दरवर्षी अक्षय तृतीयेला टीव्हीवर दाखवतात. वावरात गोल घट, मधात खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, कुरडई, करंजी, भोवती अठरा धान्यं. मांडून ठेवतात आणि निघून जातात. रात्रभर वाऱ्यानं, मुंग्यांनी, दवानं काय करायचं ते करायचं, सकाळी येऊन पाहायचं काय हललं. भाकीत खरं होते का खोटं तो वाद वेगळा, मी त्यावर पैसे लावणार नाही आणि कोणी पेरणी पण ठरवू नये. पण एका रात्रीला काय काय हलते ते पाहायला हजारो लोक पहाटे वावरात उभे राहतात, हे शहरात कोण्या मोठ्या आर्टिस्टनं केलं असतं तर तिकीट लावलं असतं.

आता एक गोष्ट जी मला सुचली नव्हती. हे सगळं मी घरी सांगत होतो तर वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "भाऊजी, तुमचं समदं बराबर हाय, पण बसणार कोण? पारावर बाया बसते का कधी?" मी चूप. कारण खरंच, पन्नास वर्षं झाली असतील त्या पाराला, मी एकाही बाईला तिथं बसलेलं पाहिलं नाही. सकाळी निंदायला जाताना घोळक्यानं जातात, संध्याकाळी वापस येतात, पाराजवळ आल्या की पदर सारखा करून पाय उचलतात. त्या दिवशी पऱ्हाटीचा भारा टेकवलेली मावशी सुद्धा उभीच होती. बसली नाही. नंतर मी दुकानात विचारलं मावशे बसली काहून नाही, तर म्हणाली, "बसाले आमाले कोन सांगते?"

म्हणून ताई, बसायची जागा पारावर करू नका. रेघेच्या दोन्ही बाजूला, जमिनीपासून वीत-दीड वीत उंच, लांब दगडी पायऱ्या करा, भारा टेकवता येईल एवढ्या रुंद, पाणी प्यायला नळ जवळ, आणि तुम्ही स्वतः पहिल्यांदा तिथं बसा. पाच मिनिटं. मीटिंग नाही, उद्घाटन नाही, नुसतं बसायचं. तुम्ही बसल्या तर चार जणी बसतील. कागदावर सरपंच तुम्ही आहा, पायरीवर पण तुम्हीच बसा, भाऊंना मागं उभं राहू द्या.

दोन शंका लोकांनी आधीच काढल्या आहेत. एक, उभा दगड केला तर आठ दिवसांत त्याला शेंदूर लागेल. म्हणूनच केसिंग पाईप म्हणतो, पाईपाला कोणी शेंदूर लावत नाही, मे महिन्यात तर हात लावायची सोय नाही. दुसरी, पोट्टे त्यावर चढतील. चढतील. मी पण चढलो असतो. पाईप खाली चार फूट गाडा, वरची पट्टी वेल्डिंग पक्की करा.

तिसरी शंका कोणी काढली नाही पण मीच सांगतो, रात्री हे काहीच कामाचं नाही. रात्री आपल्या चौकात तसाही हायमास्ट बंद असते.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, अध्यक्षांच्या परवानगीनं येणाऱ्या विषयात नाही, वर घ्या, लोक असताना. नाही घेतला तरी २४ मेला मी बकेट काढणार आहे, सावली पडायला ग्रामपंचायतीचा ठराव लागत नाही. पावणेबाराला या, डोक्यावर दुपट्टा असू द्या, कुल्फीवाल्याला मी आधीच सांगून ठेवलं आहे. सळाख तीच आहे, रेतीपण तीच, दुकानात कॉम्प्युटरच्या टेबलाखाली ठेवली आहे, माय रोज झाडताना ती बकेट बाजूला सरकवते आणि पुन्हा जागेवर ठेवते.

तुमचा,
चौकातला झेरॉक्सवाला